किल्ल्याची गोष्ट आणि पोटातली गाठ

मागे एक जाडजूड फॅन्टसी कादंबरी संपवली, रात्री दीड वाजता. त्यात एका चेटकिणीच्या हाताखाली शिकणारी मुलगी असते आणि अख्खं पुस्तकभर ती एकच गोष्ट शिकत असते, राग आलेला असताना मंत्र म्हणायचा नाही, म्हटला की तो आपल्यावरच उलटतो. शेवटी सगळे तिला डिवचत असतात आणि ती ओठ घट्ट मिटून नुसती उभी राहते, तिथे मला चक्क रडू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या एकाचा खोचक मेल आला आणि मी चार मिनिटांत त्याला असा काही रिप्लाय हाणला की दुपारी त्याच्या टेबलाशी जाऊन सॉरी म्हणावं लागलं.

म्हणजे धडा वाचला, पटला, त्यावर रडूनही झालं, आणि वापरायची वेळ आली तेव्हा तो होता कुठे? आधी वाटलं आपल्यातच काहीतरी खोट आहे. मग कळलं की मानसशास्त्रवाल्यांनी यावर बरंच डोकं खपवलंय, आणि त्यातला सगळ्यात भारी प्रयोग तर एका किल्ल्याच्या गोष्टीवरच आहे.

आधी कोडं सांगते. मूळ कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं. एका पेशंटच्या पोटात गाठ आहे, ऑपरेशन करता येत नाही. किरणांनी गाठ जाळता येईल, पण तेवढ्या जोराचे किरण सोडले तर वाटेतलं चांगलं मांसही जळणार, आणि जोर कमी केला तर चांगल्या मांसाला काही होत नाही पण गाठीलाही काही होत नाही. काय कराल? (पुढे वाचायच्या आधी अर्धा मिनिट थांबाच, मजा येते.)

१९८० साली मेरी गिक आणि कीथ होलिओक या दोघांनी हे कोडं कॉलेजच्या मुलांना घातलं, पण काहींना आधी एक गोष्ट वाचायला दिली. एक जुलमी राजा किल्ल्यात बसलाय, किल्ल्याकडे चारी बाजूंनी रस्ते येतात, पण प्रत्येक रस्त्यात सुरुंग असे पेरलेत की चारदोन माणसं गेली तर काही होत नाही, मोठी फौज गेली की स्फोट. सेनापती काय करतो, फौजेच्या छोट्या तुकड्या पाडतो, प्रत्येक तुकडी वेगळ्या रस्त्याने पाठवतो आणि सगळ्या एकाच वेळी किल्ल्यावर येऊन धडकतात. आता उत्तर दिसलं असेलच. कमी जोराचे बरेच किरण वेगवेगळ्या बाजूंनी सोडायचे, ते सगळे फक्त गाठीवर एकत्र येतात. ही नुसती कोड्यातली हुशारी नाही बरं का, मेंदूतल्या गाठींसाठी गामा नाइफ नावाचं जे मशीन असतं त्यात जवळपास २०० बारीक किरण याच हिशोबाने एका बिंदूवर आणतात.

तर गोष्ट न वाचलेल्या मुलांपैकी साधारण १० टक्क्यांना उत्तर सुचलं. गोष्ट वाचलेल्यांपैकी? जेमतेम ३० टक्के. उत्तर अक्षरशः हातात होतं, काही मिनिटांपूर्वी वाचलेलं, तरी बहुतेकांना ते कोड्याला लावायचं असतं हे सुचलंच नाही. मग त्यांना एवढंच सांगितलं की मघाची गोष्ट कामी येईल बघा, की आकडा साधारण ७५ टक्क्यांवर गेला!

मला हे वाचून जाम बरं वाटलं. कारण याचा अर्थ धडा डोक्यात असतो, त्याला हाक कुणी मारत नाही. आपली आठवण बहुतेक वेळा वरवरच्या साम्यावर जागी होते, किल्ला बघितला की किल्ला आठवतो, पण गाठ बघून किल्ला आठवायला आतला सांगाडा सारखा आहे हे आधी दिसावं लागतं. मेल बघून मला आधीचे मेल आठवले, आधीची भांडणं आठवली. चेटकीण कशी आठवणार, मेलमध्ये ना जंगल ना मंत्र.

मग करायचं काय? त्याच दोघांनी १९८३ मध्ये दाखवलं की एका गोष्टीऐवजी तशाच सांगाड्याच्या दोन गोष्टी दिल्या आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते लिहायला लावलं, तर धडा दुसरीकडे वापरायचं प्रमाण वाढतं. त्यामुळे नुसती पुस्तकांमागून पुस्तकं संपवण्यापेक्षा ‘अरे, हे तर त्या दुसऱ्या कादंबरीतल्या म्हाताऱ्या जादूगारासारखंच झालं’ अशी मित्रांशी तासभर केलेली बडबड जास्त कामाची, असं माझं आपलं मत.

दुसरा उपाय दिसायला फारच साधा आहे. पीटर गोलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की ‘मी शांत राहीन’ असं ठरवू नका, ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं ठरवा. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि परिणाम चांगलाच ठळक निघाला. कारण तेच, ‘अमुक’ हीच हाक होते.

आणि एक गंमत. फॅन्टसीत राक्षसाचं खरं नाव कळलं की तो ताब्यात येतो ना, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमला २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं. लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला ‘राग’, ‘भीती’ असा शब्द निवडला की मेंदूतल्या ॲमिग्डालाची (भीती-रागाची घंटा वाजवणारा भाग) धडधड कमी झाली, पण त्या चेहऱ्याला माणसाचं एखादं नाव निवडलं तर तेवढी कमी होत नव्हती. म्हणजे नाव खरंच हवं, कुठलंही चालत नाही.

मात्र कादंबऱ्या वाचून माणूस आपोआप शहाणा होतो असं कुणी सांगितलं तर जरा सबुरीने घ्या. २०१३ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आलं होतं की साहित्यिक कथेचा छोटा तुकडा वाचला की लगेच दुसऱ्याचं मन जास्त ओळखता येतं, सगळीकडे बातम्या झाल्या, आणि नंतर दुसऱ्यांनी तोच प्रयोग करून बघितला तर तसं काही निघालं नाही. मला त्यात नवल वाटलं नाही, नऊ तासांत माझं काय झालं ते मी बघितलंय.

मी आता माझी ‘अमुक-तमुक’ वहीत लिहून ठेवलीये. ‘मी आधीच कळवलं होतं’ हे शब्द कुठल्याही मेलमध्ये दिसले तर ओठ मिटायचे, लॅपटॉपचं झाकण पाडायचं, मनात ‘अपमान’ म्हणायचं (मी आधी ‘राग’ म्हणायचे, पण ते खरं नाव नव्हतं) आणि बाटली भरायला जायचं. परवा एका दिवसात पाच वेळा गेले. शेवटच्या खेपेला तोच मेलवाला पाण्याजवळ उभा होता, म्हणाला, ‘बापरे, किती पाणी पितेस गं!’