एलईडी माळेतील थरथर

सणासुदीला लावलेल्या एलईडी दिव्यांच्या माळेत नको असताना होणारी, डोळ्याला जेमतेम जाणवणारी जलद उघडझाप. कंट्रोलरचे, म्हणजे लुकलुकीचे प्रकार बदलणाऱ्या डबीचे, बटण दाबून मुद्दाम आणलेली लुकलुक वेगळी. कोकणात गणपतीच्या माटवीपासून (मूर्तीवर टांगलेल्या, फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीपासून) वसईकडच्या नाताळच्या गोठ्यापर्यंत याच माळा लागतात.

घरची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने घेणारी. एलईडी मात्र वीज एकाच दिशेने जाऊ देतो. स्वस्त माळेत बरेच दिवे एका सरीत ओवून, सोबत वीज मर्यादेत ठेवणारा रेझिस्टर घालून थेट पिन जोडलेली असते. ती प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागातच पेटते, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उजेड नि ५० वेळा काळोख. सरीतल्या सगळ्या दिव्यांना मिळून लागणारा विजेचा दाब (व्होल्टेज) चढल्याशिवाय त्यातला एकही पेटत नाही. म्हणून व्होल्टेज उतरले की काळोखाचा वेळ वाढतो आणि थरथर अधिक बोचते. टक लावून पाहताना ती लपते, मान वळवली की उजेडाचे ठिपके दिसतात. न पेटवलेली उदबत्ती माळेसमोर झरझर हलवावी: एका काडीच्या अनेक काड्या दिसल्या तर माळ थरथरते आहे. अशा उजेडात काहींचे डोके दुखते.

चार डायोडांचा ब्रिज, म्हणजे आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग एकाच दिशेने वळवणारी जोडणी, बसवला की उजेडाचे ठोके सेकंदाला १०० होतात आणि थरथर बरीच निवते. पण जुन्या माळेला तो नुसता जोडला तर दिव्यांतून सरासरी दुप्पट वीज वाहते, रेझिस्टर तापतो. पुढे वीज साठवणारा कपॅसिटर लावला तर त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही झटका बसू शकतो. हा उद्योग घरी करू नये. ॲडॉप्टरवर चालणारी ५ किंवा १२ व्होल्ट डीसीची (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) माळ घेणे हाच खरा उपाय. तीही थरथरली तर कंट्रोलर संशयित, म्हणून साधा, कंट्रोलर नसलेला प्रकार निवडावा.

किनाऱ्यावर मात्र आधी सांधे पाहावेत. वर्षभर माळ्यावर पडलेल्या माळेच्या तांब्यावर खाऱ्या हवेने हिरवट थर चढतो, जोड सैल होतात. ही फडफड अनियमित असते. वारा आला, वायर हलली की वाढते, एखादा तुकडा मध्येच विझतो. असा जोड तापतो, ठिणगी टाकतो, आणि भोवती कापडी पडदे, सुकत चाललेली पाने असतात. ती माळ टाकून द्यावी, टेप गुंडाळून चालवू नये.

भाद्रपदात पाऊस सरलेला नसतो. ओले टाळे (डहाळ्या), कवंडळे आणि हरणे अशी रानफळे-रानफुले टांगलेल्या माटवीत २३० व्होल्टची माळ गुंफणे धोक्याचेच. पडवीत किंवा खळ्यात बाहेरच्या वापराची, आयपी ४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाचा दर्जा) किंवा त्याहून वरची माळ लावावी. ॲडॉप्टर घरात, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, आणि फुलांवर पाणी शिंपडण्याआधी पिन काढावी.