घरचे शुद्धलेखन आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ : पार्श्वभूमी

मुलांचे शुद्धलेखन घरी तपासताना सगळ्यांत जास्त खुणा होतात त्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. हे दुखणे तसे फार जुने नाही. पत्रे आणि जमाखर्च मोडीत लिहिले जात, तेव्हा इ-ई आणि उ-ऊ हा भेद सहसा पाळलाच जात नसे. छापखाने आले, शाळेची पुस्तके बालबोधीत निघू लागली, आणि वेलांटी पहिली की दुसरी हे ठरवणे भाग पडले.

घरच्या अभ्यासाला खरे वळण मिळाले ते 1962मध्ये. साहित्य महामंडळाने केलेले 14 नियम त्या वर्षी राज्य सरकारने स्वीकारले. 1972मध्ये आणखी 4 जोडले गेले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘कांहीं’चे ‘काही’ झाले, ‘पांच’चे ‘पाच’, ‘घरें’चे ‘घरे’. मुलांच्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरले, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. त्यापूर्वी शिकलेल्या आजी-आजोबांना मात्र नातवंडांच्या वह्या चुकीच्या वाटत राहिल्या.

तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांबाबत मात्र नियम अर्ध्यावरच थांबले. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार त्यांनाही दीर्घ केला : कवी, मती, गुरू. हे मुलांना पटते, कारण आपण बोलतोही तसेच. पण समासात ‘कविराज’ आणि ‘गुरुदक्षिणा’. शेवटून दुसऱ्या अक्षरापाशी तर वाटच बंद होते. गरीब, वकील, फूल दीर्घ. मंदिर, गुण, विष ऱ्हस्व, कारण हे तत्सम. ‘फूल’ आणि ‘गुण’ यांतला उकार कानाला सारखाच लागतो. पुढे विभक्ती लागली की ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते, पुन्हा त्याच कारणाने. आठ वर्षांच्या मुलाने शब्दाचे कूळ ओळखायचे तरी कसे? संस्कृत शब्दांचे मूळ रूप जपले पाहिजे, असे या निर्णयाचे समर्थक म्हणत आले आहेत. त्याची किंमत मात्र ज्या घरात संस्कृत कधी शिरलेच नाही, तिथल्या मुलांनी मोजली. तिथे आईलाही कारण सांगता येत नाही. ‘असंच लिहायचं’ एवढेच म्हणता येते, आणि मूल हुशार असूनही अशुद्ध ठरते.

वाचनातही घर आणि शाळा यांची वाट वेगळी झाली. पाठ्यपुस्तक मंडळ 1967मध्ये पुण्यात स्थापन झाले. शाळेत शब्दांवरून अक्षरओळख होऊ लागली, सोप्या अक्षरांचे गट करून. घरी मात्र अंकलिपी उघडून ‘क कमळाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीनेच जायची सवय टिकली. 2009च्या शासन निर्णयाने अॅ आणि ऑ वर्णमालेत आले, त्यामुळे बाराखडीत ‘कॅ’ आणि ‘कॉ’ धरून 14 रूपे झाली. बॅट आणि बॉल लिहिणाऱ्या मुलांसाठी ते गरजेचेच होते.

2020च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, 2020-21पासून पहिली आणि सहावीने सुरुवात करून. त्यामुळे स्वतः इंग्रजी माध्यमात शिकलेले पालकही आता मुलांना वेलांट्या शिकवायला बसतात. त्यांच्या हाती नियम तेच 18 आहेत, आणि तत्समाचा अपवादही तसाच आहे.