शब्द शोधून देणारा भागाकार

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपासच्या शिकवणी वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या मोबाईलवर हल्ली इंग्रजी शब्दखेळ हमखास दिसतात आणि त्यांच्या जोडीला हाती आलेली अक्षरे भरताच त्यांपासून होणारे सगळे शब्द क्षणात मांडून देणारी ॲपही दिसतात. अशा ॲपच्या जाहिरातीत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द ठळक झळकत असल्यामुळे, आत बसलेल्या कोणाला तरी इंग्रजी येते, असा मुलांप्रमाणेच पालकांचाही समज झाला आहे. वस्तुतः या कामाला इंग्रजी येण्याची मुळीच गरज नाही. शब्दांची एक यादी आणि शाळेत शिकलेले मूळ अवयव एवढी सामग्री त्याला पुरते.

अक्षरांची उलटापालट करून शब्द सापडतो का ते पाहणे ही पहिली सुचणारी रीत. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या ५,०४० मांडण्या होतात, तोवर ठीक आहे. पंधरा अक्षरांच्या मात्र सुमारे १.३ लाख कोटी होतात. याउलट, अक्षरांच्या सोंगट्यांनी इंग्रजी शब्द लावण्याच्या स्क्रॅबल या खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चालणाऱ्या शब्दांची संपूर्ण यादी पावणेतीन लाखांच्या थोडी वर भरते. म्हणून संगणक अक्षरे हलवत बसत नाही. तो यादीतील प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारतो : ही अक्षरे तुझ्यात आहेत का?

हा प्रश्न विचारण्याची सोपी पद्धत सोलापूरकरांना चटकन कळेल. चादरीवरची नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या कार्डातील भोक असणे किंवा नसणे हे कोणता उभा धागा उचलायचा ते ठरवते. तसेच प्रत्येक शब्दाचे सव्वीस जागांचे एक कार्ड कल्पावे आणि जे अक्षर शब्दात आहे त्याच्या जागी भोक पाडावे. हव्या असलेल्या अक्षरांचे कार्ड त्यावर ठेवून सगळी भोके जुळली, की शब्द सापडला. त्रुटी एवढीच की, अक्षर किती वेळा आले हे भोक सांगत नाही. ‘ट्री’ या शब्दात ‘ई’ दोनदा येतो आणि ‘रेस्ट’मध्ये एकदाच, तरी दोन्ही कार्डांवर ‘ई’चे भोक एकच.

येथे मूळ संख्या मदतीला येतात, आणि या विषयातील सर्वांत देखणी युक्ती मला हीच वाटते. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यावी : ‘ई’ला २, ‘टी’ला ३, ‘ए’ला ५, ‘एस’ला १७, ‘आर’ला १९, याप्रमाणे. मग शब्दातील अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करावा. खाणे या अर्थाचा ‘ईट’, त्याचा भूतकाळ ‘एट’ आणि चहासाठीचा ‘टी’ या तिन्ही शब्दांत तीच तीन अक्षरे असल्यामुळे तिघांचाही गुणाकार ३० येतो. उलट, वेगळ्या अक्षरांच्या कोणत्याही शब्दाचा गुणाकार ३० येऊच शकत नाही, कारण प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. या सिद्धान्ताची काटेकोर सिद्धता जर्मन गणितज्ञ गाउसने १८०१ मध्ये दिली. आता दोन ‘ई’ असलेला शब्द हवा असेल, तर गुणाकाराला ४ ने भागून पाहावे. ‘ट्री’चा गुणाकार २२८, त्याला निःशेष भाग जातो, ‘रेस्ट’चा १,९३८, तेथे बाकी २ उरते.

खरी गंमत पुढे आहे, कारण हाच प्रश्न उलटही विचारता येतो : शब्दाची सारी अक्षरे हातच्या अक्षरांत आहेत का? समजा, हाती ‘ई, टी, ए, एस, आर’ या पाच सोंगट्या आहेत. त्यांचा गुणाकार ९,६९०. त्याला ‘ईट’च्या ३० ने भागले, तर भाग पूर्ण जातो, म्हणजे शब्द लावता येतो, आणि भागाकार येतो ३२३, म्हणजेच १७ गुणिले १९. शब्द लावल्यावर ‘एस’ आणि ‘आर’ हाती उरतील, हेही त्याच भागाकाराने सांगून टाकले.

अंकशास्त्राच्या नावाखाली दुकानाच्या पाटीवरील इंग्रजी नावात एखादा जादा ‘ए’ घालायला सांगणारे लोकही अक्षरांना अंकच देतात. ते मात्र बेरीज करत करत एक ते नऊपर्यंत खाली उतरतात, त्यामुळे जगातील झाडून सारी नावे नऊ खणांत कोंबली जातात आणि खणावरून नाव ओळखण्याची सोय राहत नाही. ज्या हिशेबात नाव पुसले जाते, त्यावरून धंद्याची बरकत कशी कळणार?

गुणाकार भराभर फुगतो, ही या युक्तीची अडचण. सव्विसावी मूळ संख्या १०१ आहे. संगणक एक संख्या सहसा ६४ बिटांच्या, म्हणजे शून्य किंवा एक अशा ६४ अंकांच्या, खणात ठेवतो. त्यात १०१ चा नववा घात मावतो, दहावा मावत नाही. त्यामुळे नऊ अक्षरांपर्यंतचा कोणताही शब्द निर्धास्तपणे बसतो, त्यापुढे काळजी घ्यावी लागते. उपाय म्हणून वारंवार येणाऱ्या अक्षरांना लहान मूळ संख्या देतात. ‘ई’ला २ मिळाले ते याचसाठी. स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स यानेही वृत्तपत्रांतील अक्षरे मोजूनच ‘ई’च्या बारा सोंगट्या ठेवून तिला एक गुण दिला, तर ‘क्यू’ची एकच सोंगटी ठेवून तिला दहा गुण दिले.

गुणाकारात क्रमाला स्थान नाही, त्यामुळे पाच अक्षरी शब्द ओळखण्याच्या वर्डल या खेळात ‘तिसरे अक्षर ए आहे’ असे कळले, तरी त्या माहितीचा येथे उपयोग होत नाही. तेथे यादी झाडाच्या रूपात साठवतात : पहिल्या अक्षरापासून फांद्या फुटतात, समान सुरुवातीचे शब्द एकाच फांदीवर राहतात आणि जी फांदी अटीत बसत नाही ती तिच्यावरील साऱ्या शब्दांसह एका फटक्यात सोडून देता येते. संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रेडकिन याने १९६० मध्ये या रचनेला ‘ट्राय’ हे नाव दिले. पुढे १९८८ मध्ये अँड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन या संगणकशास्त्रज्ञांनी स्क्रॅबल खेळणाऱ्या आपल्या प्रोग्रामसाठी शब्दांचे समान शेवटही एकत्र जोडले, त्यामुळे शेकडो शब्दांच्या शेवटी येणारी ‘आय-एन-जी’ ही अक्षरे पुन्हा पुन्हा साठवावी लागत नाहीत.