उपाहारगृहांची पारख (इंदूर)

उपाहारगृहांची पारख : एखाद्या शहरात बाहेरचे खाणे एकंदरीत किती चांगले मिळते, हे जोखण्याची रीत. एका हॉटेलाबद्दल मत बनवणे सोपे असते. बिल भरेपर्यंत ते तयारही झालेले असते. शहराचे तसे नाही. तिथे सर्वांत उत्तम ताटापेक्षा सर्वसाधारण बशी जास्त खरे बोलते. नाव न विचारता, कुठल्याही मंगळवारी सकाळी, कोपऱ्यावरच्या गाडीशी उभ्या-उभ्या खाल्लेले पोहे कसे निघाले, यावरून शहराचा दर्जा कळतो. प्रस्तुत नोंद इंदूरपुरती आहे आणि तिथल्या मराठी घरातून लिहिलेली आहे.

पारखीच्या औपचारिक पद्धतींत मिशेलिन मार्गदर्शिका सर्वांत प्रसिद्ध. या फ्रेंच टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढली, १९२६ पासून चांगल्या उपाहारगृहांना तारा द्यायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये एक ते तीन ताऱ्यांची उतरंड आणली. तिचे परीक्षक ओळख न देता जेवतात आणि पैसे भरतात. जिन्नसाचा कस, हातोटी, चवींचा मेळ, आचाऱ्याची स्वतःची छाप आणि दर खेपेला तीच चव, अशा पाच गोष्टी ते पाहतात. पांढरे टेबलक्लॉथ त्यांत नाही. म्हणूनच २०१६ मध्ये सिंगापूरच्या दोन साध्या हॉकर टपऱ्यांनाही तारा मिळू शकला. युनेस्को मात्र हॉटेल पाहत नाही, शहर पाहते. खाद्यसंस्कृतीसाठी तिने २०१९ मध्ये हैदराबादला सर्जनशील शहरांच्या जाळ्यात घेतले. इंदूरच्या वाट्याला यांतले काही आलेले नाही. त्याला मिळाला तो भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ हा शिक्का, ‘छप्पन दुकान’ या नाश्त्याच्या गल्लीसाठी. तो चवीचा नव्हे, स्वच्छतेचा आहे.

मोबाइलवरच्या ताऱ्यांचा इंदूरच्या बाबतीत फारसा उपयोग होत नाही. पोहे डब्यात भरून घरी येईपर्यंत वरची शेव मऊ पडते आणि कच्चा कांदा पाणी सोडतो, त्यामुळे घरपोच मागवणाऱ्याला पोहे ‘ठीक’ वाटतात आणि पिझ्झा चांगला वाटतो. शिवाय पोह्यांच्या नावाजलेल्या गाड्या सकाळ सरताच आवरत्या घेतात. बारा वाजता उठून शोधणाऱ्याच्या पदरी जे पडते, त्यालाच मग शहराची चव म्हणायचे.

पोहे इथे मराठ्यांबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. होळकरांनी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर महेश्वरहून राजधानी इंदूरला हलवली. राजवाड्याच्या परिसरात दक्षिणी, म्हणजे मराठी, घरे आधीपासून होतीच. पण गाडीवरचे पोहे आता घरच्या कांदेपोह्यांचे चुलतभाऊ राहिले आहेत, सख्खे नाहीत. घरी कांदा फोडणीत जातो, वरून खोबरे-कोथिंबीर येते. गाडीवर फोडणीत बडीशेप असते, हाताला साखर जरा सैल असते, आणि पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या पातेल्यात वाफेवर गरम राहतात. द्यायच्या वेळी वर कच्चा कांदा, शेव, लिंबू आणि जीरावन. जीरे, धने, बडीशेप, आमचूर, काळे मीठ, सुंठ, लवंग, जायपत्री अशा जिन्नसांची ही पूड म्हणजे माळव्याची खूण. सोबत जलेबी. इंदूरचा मराठी माणूस घरात ‘पोहे केले’ म्हणतो आणि गाडीवर ‘एक पोहा देना’ म्हणतो. हे व्याकरण आपोआप बदलते.

पारख करायची तर पातेल्याकडे बघावे. सात वाजता कुणाचेही पोहे चांगलेच लागतात. खरी परीक्षा नऊ-साडेनऊला, पातेले तळाला आले असताना होते. वाफेवर फार वेळ राहिलेले पोहे गोळा होतात, हळदीचा रंग मंदावतो आणि पळी घातली की दाणा सुटत नाही, ढेकूळ निघते. खप असलेला गाडीवाला पातेले लहान ठेवतो आणि मागे दुसरा घाणा तयार करत असतो. ज्याच्याकडे एकच मोठे पातेले दुपारपर्यंत पुरते, त्याच्याकडे गर्दी दिसली तरी ती बसस्टँडची गर्दी असते. दुसरी खूण शेवेची. इंदुरात शेव कशावरही पडते, उसळीवर, साबूदाणा खिचडीवर, प्रसंगी वरणभातावरही. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा मान तिला मिळायलाच हवा, पण ती नेभळट पदार्थ झाकायलाही तितकीच कामाची आहे. म्हणून पहिला घास शेव बाजूला सारून घ्यावा. तळणाचेही असेच. वारंवार तापवलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्याच्या कामाचे नाही, असा नियम आहे. गिऱ्हाइकाच्या हातात मोजयंत्र नसते, पण काळपट चिकट तेलावर चढलेला आणि न विरणारा फेस डोळ्यांना दिसतो.

इंदूरचा भर सराफ्यावर आहे, आणि सराफा चांगला का हे चवीइतकेच जागेच्या हिशेबात दडले आहे. दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. रात्री दुकानांची शटरे खाली आली की त्याच ओट्यांवर नि त्यांच्यापुढे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. एकच रस्ता दोन पाळ्यांत काम करतो. वर्दळीमुळे दुकानांची राखणही होते, असे जुने लोक सांगतात. चार हात जागेवर धंदा करायचा तर यादी लांब ठेवता येत नाही. एका गाडीचा एकच पदार्थ, आणि तो रोज तोच हात करतो. मिशेलिनचे परीक्षक ज्या सातत्यासाठी पुनःपुन्हा जेवायला जातात, ते इथे जागेच्या टंचाईनेच साधले आहे. जोशी दहीबडा हाऊसचा द्रोण हवेत उडवून झेलण्याचा खेळ पाहुण्यांना दाखवायचा असतो हे खरे, पण खरे कसब त्यानंतरचे आहे: एकाच चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एकामागून एक सोडणे. विजय चाट हाऊसचे खोपरा पॅटिस, नागोरीची शिकंजी ही नावेही पदार्थाला चिकटूनच घेतली जातात. शिकंजी लिंबाची समजून मागवणाऱ्या पाहुण्याच्या हातात दुधाचा, सुक्यामेव्याचा घट्ट पेला येतो.

ऋतू पाळणे हीसुद्धा एक कसोटी. गराडू हा कंद थंडीतला. फोडी आधी तळून ठेवतात आणि मागणीनुसार पुन्हा कुरकुरीत तळून लिंबू-जीरावन घालून देतात. मे महिन्यात गराडू विचारला तर चांगला गाडीवाला ‘ठंड में आना’ म्हणून हसतो. भुट्ट्याचा कीस खरे तर पावसाळ्यातल्या देशी मक्याचा. किसलेले दाणे तुपात, हिंग-मोहरीच्या फोडणीवर परतून दुधात शिजवतात. आता तो बारा महिने मिळतो, कारण स्वीट कॉर्न बारा महिने मिळते. त्याचा कीस गोड आणि पाणचट होतो. ही तक्रार आमच्या घरी दर ऑगस्टमध्ये नव्याने होते.

छप्पन दुकानची २०२० मध्ये ५६ दिवसांत पुनर्रचना होऊन ती गल्ली फक्त पायी चालणाऱ्यांची झाली. जॉनी हॉट डॉग तिथलाच. त्याचा एग बेंजो, म्हणजे पावात घातलेले अंडे, शाकाहारी प्रतिमेच्या शहरात निमूट खपतो. स्वच्छतेत शहर २०१७ पासून सातत्याने अग्रभागी आहे, आणि ओला कचरा वेगळा उचलून त्यापासून वायू करण्याचा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. खाऊगल्लीत सकाळी वास येत नाही, यामागे हे काम आहे.

बसून जेवायच्या हॉटेलांत मात्र इंदूर कमी पडते, हे कबूल करावे. पंजाबी, चायनीज आणि दाक्षिणात्य एकाच जाडजूड मेन्यूत, आणि तीन भाज्या मागवल्या तर तिन्हींना एकच लाल ग्रेव्ही. अपवाद दालबाफल्याचा. बाफला आधी पाण्यात उकळून मग भाजलेला, तुपात बुडवलेला असतो. जेवल्यावर दुपारचे काम होत नाही. आयआयएम (१९९६), आयआयटी (२००९) आणि शिकवण्यांमुळे आलेल्या विद्यार्थ्यांनी मेस आणि डबेवाल्यांचा मोठा धंदा उभा केला आहे, पण त्याची परीक्षा कुणी करत नाही.

पुण्याहून आलेल्या आत्याने विचारले, ‘‘इथं चांगलं मराठी हॉटेल कोणतं रे?’’ घरात क्षणभर शांतता पसरली. मग काकू म्हणाली, ‘‘अहो ताई, त्याला हॉटेल कशाला? घरीच जेवा की.’’ राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा मराठी वस्त्यांत पुरणपोळी आणि अळूची भाजी घरी होते, लग्नकार्यात होते, मंडळांच्या खाद्यजत्रेत रांग लावून विकत घेतली जाते; पण वर्षभर पैसे मोजून खायला फारसे कुणी जात नाही. त्यामुळे मराठी हॉटेलांची संख्या मोजून इंदूरच्या खाण्यातला मराठी वाटा कळत नाही. तो पोह्यांत, उसळीत आणि साबूदाणा खिचडीत मुरलेला आहे आणि विकणारा बहुधा हिंदीत बोलतो.

सराफ्यात मोमो आणि नूडल्सच्या गाड्या वाढल्या, तशी फक्त ‘पारंपरिक’ पदार्थच राहू द्या ही मागणी वाढली आहे. पारंपरिक कशाला म्हणायचे हा पेच त्यात आहेच. साबूदाणा ज्या कसाव्यापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर भारतात आलेला. आजचा बहुतेक साबूदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. दक्षिणी घरांतल्या उपासाने त्याला माळव्यात नेले आणि सराफ्याने त्यावर शेव घातली. रात्री बारा वाजता तिथे खिचडीच्या गाडीभोवती जी गर्दी असते, तिच्यात उपास असलेला एखादाच सापडेल.