सॉलोमनची मुद्रा (सुलेमानची अंगठी)

सॉलोमनची मुद्रा म्हणजे इस्रायलचा राजा सॉलोमन याच्या बोटातली दंतकथेतली अंगठी आणि तिच्यावरचं चिन्ह. मराठी बायबलमधे हाच शलमोन, आणि मुसलमानांचे पैगंबर सुलेमान ते हेच. या अंगठीच्या जोरावर तो जिन आणि सैतानांना कामाला जुंपायचा असं सांगतात. आज चित्र शोधलं की सहा टोकांची चांदणी दिसते आणि लोक धरूनच चालतात की अंगठीवर पहिल्यापासून तीच होती, पण जुन्या कथांमधे चांदणीचा उल्लेखच नाही, तिथे सगळी ताकद देवाच्या नावात आहे.

यातली सगळ्यात भारी गोष्ट तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या गिट्टिन भागात येते. सॉलोमनला जेरुसलेमच्या मंदिराचे दगड लोखंड न लावता कापायचे होते, त्यासाठी शमीर नावाची अद्भुत चीज पाहिजे होती आणि ती कुठे मिळेल ते सैतानांचा राजा अश्मदाय याला माहीत होतं, म्हणून सॉलोमनने आपल्या माणसाला एक साखळी आणि एक अंगठी देऊन पाठवलं, दोन्हीवर देवाचं नाव कोरलेलं, आणि त्याने अश्मदायच्या विहिरीत दारू भरून त्याला झिंगवून बांधून आणलं. पुढे अश्मदायने तीच अंगठी गिळली, राजाला 400 परसंग (अंतराचं जुनं इराणी माप) लांब फेकून दिलं आणि राजा दारोदार भीक मागत फिरला.

पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो की एलाझार नावाच्या माणसाने पुढे रोमचा सम्राट झालेल्या वेस्पासियनसमोर एकाच्या अंगातलं भूत काढलं, अंगठीच्या मुद्रेखाली सॉलोमनने सांगितलेली मुळी होती आणि ती नाकाला लावून भूत बाहेर ओढलं. नंतरच्या काही ताईतांवर ‘सॉलोमनची मुद्रा’ असं ग्रीकमधे लिहिलंय, पण चित्र मात्र सैतानीणीला भाल्याने भोसकणाऱ्या घोडेस्वाराचं.

कुराणात सुलेमानच्या हाताखाली जिन आहेत, अंगठी नाही. ती नंतरच्या कथांमधे येते, सख्र नावाचा जिन अंगठी पळवून 40 दिवस गादीवर बसतो, मग ती समुद्रात टाकतो आणि शेवटी माशाच्या पोटात सापडते.

चांदणी चिकटली ती मध्ययुगात, अरबी जादूच्या ग्रंथांतून आणि ताईतांवरून, आणि तेव्हाही पाच टोकं की सहा हे पक्कं नव्हतं. मोरोक्कोच्या झेंड्यावर 1915 मधे आलेली हिरवी चांदणी पाच टोकांची आहे, तिलाही सुलेमानची मुद्राच म्हणतात. ज्यूंमधे सहा टोकांची चांदणी ‘दाविदची ढाल’ म्हणून पुढे आली आणि 1897 मधे बाझेलला भरलेल्या झायोनिस्ट (ज्यूंना स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्यांच्या) काँग्रेसनंतर तर ती त्यांची राष्ट्रीय खूणच झाली. आपल्याकडच्या पूजेच्या यंत्रांतला षट्कोण (एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण) दिसायला तसाच असला तरी त्याचा अर्थ शिव-शक्तीचा, उगाच या अंगठीशी जोडू नये.

युरोपात किमयागारांनी वर टोक असलेला त्रिकोण अग्नीचा आणि खाली टोक असलेला पाण्याचा मानला, दोन्ही एकत्र आले की षट्कोण. सतराव्या शतकातल्या ‘गोएटिया’ या मंत्रग्रंथात 72 सैतानांची यादी आहे आणि त्यांना बोलावताना हा षट्कोण वासराच्या कातड्यावर काढून पांढऱ्या झग्याला लावायचा, वरून तागाचं कापड झाकायचं, असं सांगितलंय.