अपडेट फसला म्हणजे फॉरमॅटच? नाही!

सिडकोत विचारा नाहीतर पंचवटीत, नाशिकमध्ये उत्तर ठरलेलं: "अपडेट चुकला ना? आता फॉरमॅटच!" म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायची. विंडोज १० आणि ११ च्या बाबतीत हे बहुतेक वेळा खोटं आहे.

मोठा अपडेट बसला तरी जुनी विंडोज लगेच पुसली जात नाही. ती सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्ये पडून असते. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन 'गो बॅक' दाबलं की तीच परत येते आणि फोटो, फायली जागच्या जागी राहतात. अपडेटनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. मुदत १० दिवसांची (२०१५ मध्ये ३० होती). जागा मोकळी करायच्या नादात तो फोल्डर आधीच उडवला असेल, तर हा रस्ता बंद.

आणि पीसी सुरूच होत नसेल तर? विंडोज उघडत असतानाच पॉवर बटण दाबून धरा, बंद करा. दोन-तीनदा असं केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. दर महिन्याचा छोटा अपडेट इथूनच काढता येतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

फक्त ड्रायव्हर (प्रिंटर, साउंड असे भाग चालवणारा प्रोग्राम) चुकला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' पुरतं.

दुरुस्तीवाल्याला फॉरमॅट सोपं पडतं, हे खरं. पण मुलीच्या बारशाचे फोटो त्याचे थोडेच असतात! तो म्हणालाच, तर आधी विचारा, "दादा, विंडोज.ओल्ड पाहिलंत का?"