नॉर्नच्या रक्तातली शाबासकी

‘या गेममधल्या पात्राला खऱ्या भावना आहेत’ अशी बातमी हल्ली अधूनमधून येतेच. बहुतेक वेळा आत भाषेचं एक मॉडेल बसवलेलं असतं. तुम्ही खेकसलात की ते ‘मला वाईट वाटलं’ म्हणतं. म्हणेना का! वाईट वाटल्यामुळे उद्या त्याचं वागणं बदलणार आहे का, ते सांगा.

हा प्रश्न १९९६ साली एका गेमने गंभीरपणे घेतला होता. ब्रिटनमधल्या स्टीव्ह ग्रँड यांचा ‘क्रीचर्स’. त्यात अंड्यातून नॉर्न नावाचे मोठ्या डोळ्यांचे प्राणी निघतात आणि आपण त्यांना वाढवायचं. त्याच वर्षी जपानमध्ये तमागोची आली, मुठीत मावणारा इलेक्ट्रॉनिक पाळीव प्राणी. तिच्यात भूक म्हणजे घड्याळाबरोबर घसरणारा आकडा. नॉर्नला मात्र सुमारे १,००० चेतापेशींचा मेंदू होता, त्यांच्यात साधारण ५,००० जोडण्या होत्या आणि रक्तात रसायनं. सगळं अर्थात संगणकातलंच.

खरी गंमत या रसायनांत आहे. भूक हे एक रसायन. खाल्लं की ‘भूक-शामक’ म्हणू असं दुसरं रसायन रक्तात उतरतं. दोघांची अभिक्रिया होऊन दोन्ही संपतात आणि तिसरंच तयार होतं, शाबासकी! म्हणजे शाबासकी खाण्याबद्दल मिळत नाही, भूक भागण्याबद्दल मिळते. पोट भरलेलं असेल तर रक्तात भूक नाही, शामकाला जोडीदार नाही, म्हणून शाबासकीही नाही. चौथ्या पुरणपोळीला पहिलीची चव का नसते, ते एका समीकरणात आलं. वेदनेचं उलट: ती वाढली की सोबत ‘शिक्षा’ तयार होते.

पण शाबासकी कोणत्या कृतीची, हे मेंदूला कळणार कसं? जी जोडणी नुकतीच वापरली गेली ती काही काळ ‘ओली’ राहते, मग सुकत जाते. शाबासकी आली की ओल्या जोडण्यांचं वजन, म्हणजे त्यांचा जोर, वाढतं. त्यातही वजनं दोन, अल्पकालीन आणि दीर्घकालीन. अल्पकालीन वजन झटकन उडी मारतं आणि हळूहळू दीर्घकालीनकडे परततं. दीर्घकालीन त्याहून सावकाश अल्पकालीनकडे सरकतं. एकदाचा अनुभव त्यामुळे विरतो, वारंवार आलेला मुरतो. (हा परिच्छेद पुन्हा वाचावा लागला तर वाचा, मलाही लागला होता.)

मेंदूची मांडणी आणि रसायनांचे गुणधर्म जनुकांत लिहिलेले. पिल्लाला ती दोन्ही पालकांकडून मिसळून मिळतात, वर एखादं उत्परिवर्तन. तरी स्वभाव तिथेच ठरत नाही. एकाच जनुकांचे, एकाच क्षणी जन्मलेले दोन नॉर्न घ्या. एकाला गाजर आधी सापडलं आणि दुसऱ्याला शत्रू, तर पुढे ते वेगळेच वागू लागतात. जन्मवेळेवरून स्वभाव सांगणाऱ्यांनी यांची पत्रिका जरूर मांडून पाहावी.

नॉर्नला भूक ‘जाणवते’ का? मला तसं वाटत नाही. हजार पेशींत जाणवायला आहे कोण? पण खेळाडूच्या हाती त्याला गुदगुल्या करायची किंवा चापट मारायची सोय होती, आणि काहींनी नॉर्नांचा मुद्दाम छळ करून ते इंटरनेटवर मांडलं, तेव्हा बाकीचे खेळाडू अक्षरशः पेटून उठले. तमागोची उपाशी मेली म्हणून पोरं रडली होती. इथे मोठी माणसं भांडत होती. चापट उशिरा पडली तर आणखीच घोळ. मधल्या काळात नॉर्नने गाजराला तोंड लावलेलं असलं, तर ओली जोडणी गाजराची असते आणि शिक्षाही तिलाच बसते. मग तो गाजर पाहून मागे सरतो, आणि आपण म्हणतो, किती हट्टी आहे!